हॅटट्रिकमध्ये नवा संघ: सतराची पोरं, तिशीतले तयार गडी की घरची अकादमी?

हॅटट्रिक या इंटरनेटवरच्या फुटबॉलच्या खेळात संघ हाती आला की पहिली खाज सुटते ती खेळाडू विकत घ्यायची. खात्यात थोडे पैसे असतात, संघात बहुतेक सुमार भरणा असतो आणि अख्ख्या जगाचा बाजार समोर उघडा असतो. परभणी, लातूर, नांदेडकडच्या ज्या मंडळींनी अलीकडे संघ घेतलाय, त्यांच्यापुढे तीन रस्ते आहेत: कोवळी पोरं घेऊन घडवायची, तयार खेळाडू घ्यायचे किंवा अकादमी काढून घरचेच तयार करायचे. तिन्ही रस्ते चालतात, पण तिन्हींवर एकदम निघालेला नवा संघ मात्र हमखास कर्जात जातो.

1997 साली स्वीडनमध्ये सुरू झालेला हा फुटबॉल संघ चालवण्याचा खेळ ब्राउझरवर फुकट खेळता येतो. पैसे भरून सभासद झालात तरी मैदानावर काही जास्तीचं मिळत नाही. एका लीगमध्ये 8 संघ, 14 सामने आणि 16 आठवड्यांचा हंगाम. खेळाडूचं वर्षही तेवढंच, म्हणजे 112 दिवसांचं. आज घेतलेला सतरा वर्षांचा पोरगा 336 दिवसांत विशीत जातो आणि तिशीतला तेवढ्याच दिवसांत तेहतिशीचा होतो. खाली जी तुलना आहे, ती सगळी या घड्याळावर उभी आहे.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा आधी दात बघतो. दोन दाती गोऱ्हा घ्यायचा तर खाऊ घालून शिकवायची तयारी लागते. सगळे दात जुळलेला बैल उद्याच औताला जुंपता येतो, पण पुढे त्याला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. इथलंही गणित तेच.

सतरा-अठराची पोरं

प्रशिक्षण आठवड्यातून एकदा होतं आणि तेही एकाच कौशल्याचं. त्या कौशल्याच्या जागेवर जो 90 मिनिटं खेळला, त्यालाच पुरतं प्रशिक्षण मिळतं. म्हणून आधी प्रशिक्षण ठरवायचं आणि मगच पोरं घ्यायची. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. स्वस्तात मिळाला म्हणून एक गोलकीपर, नाव आवडलं म्हणून एक स्ट्रायकर, शेवटी उरल्या पैशात एक विंगर. यातला एकजण शिकतो, बाकीचे दोघे नुसते वयाने वाढतात.

जागांचा हिशेब असा. आठवड्याला दोन सामने मिळतात, एक लीगचा आणि एक कपचा. कपमधून बाहेर पडलात तर मैत्रीपूर्ण सामना ठरवायचा. एकच पोरगा दोन्ही सामन्यांत उतरवला तर दुप्पट शिकत नाही, तेव्हा दोन्हीकडे वेगळी पोरं लावायची. प्लेमेकिंग, म्हणजे चेंडू राखून खेळ रचायचं कौशल्य घेतलं तर मधल्या फळीत आत खेळणारे तिघे, म्हणजे आठवड्याला सहा जण पुरतं शिकतात आणि विंगवाल्यांना निम्मं मिळतं. स्कोअरिंगमध्ये तीन फॉरवर्ड लावले तर तेही सहाच. गोलकीपिंगला फक्त दोघे. बचावाला पाच बचावपटू लावले तर दहा.

दहाचा आकडा बघून बरेच जण बचावाकडे वळतात. मला ते नव्या संघासाठी पटत नाही. दहा चांगली पोरं घ्यायला पैसे कुठून आणायचे? आणि दर सामन्याला मागे पाचजण उभे केले तर पुढे गोल कोण करणार? प्लेमेकिंग बरं, कारण चेंडू कोणाकडे राहणार हे मधली फळी ठरवते. शिकणारी पोरंच हळूहळू सामने जिंकून द्यायला लागतात.

कौशल्याची पट्टी शून्यापासून वीसपर्यंत जाते. सुरुवातीला प्लेमेकिंग सहा-सात असलेला सतरा वर्षांचा पोरगा पुष्कळ झाला. पासिंगही बरं असेल तर आणखी चांगलं. पण वय नीट वाचा. यादीत ‘17 वर्षे 5 दिवस’ आणि ‘17 वर्षे 100 दिवस’ हे दोघे जवळजवळ सारखेच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्याच्या मानाने दुसऱ्याचे शिकायचे साडेतेरा आठवडे संपलेले आहेत, आणि वय वाढेल तसा शिकण्याचा वेग कमी होतो.

या रस्त्यावर पहिला हंगाम रडवतो. गावाकडच्या मित्रांनी एकाच लीगमध्ये संघ घेतले असतील तर चारचौघांत बोलणी खायची तयारी ठेवा.

तिशीतले तयार गडी

यांच्याबद्दल एक गैरसमज आहे की स्वस्त म्हणजे टाकाऊ. तसं नाही. त्यांना शिकवून पुढे विकता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. कौशल्य मात्र तरण्याइतकंच, आणि अनुभव त्याहून जास्त. उणी बाजू अशी की तिशीनंतर कौशल्य हळूहळू उतरायला लागतं आणि दुखापत झाली तर बरं व्हायला तरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गेलेले पैसे परत येतील ही आशा सोडूनच घ्यायचं.

ज्या जागेचं प्रशिक्षण तुम्ही देत नाही, ती जागा यांनी भरावी. मधल्या फळीत पोरं शिकतायत तर गोलकीपर आणि मागची फळी तिशीतल्यांची. फॉर्म खाली असलेला खेळाडू दिसला तर पळून जाऊ नका. फॉर्म आठवड्यागणिक वर-खाली होतो, कौशल्य तिथंच असतं, आणि भाव मात्र खाली आलेला असतो.

खरी अडचण पगाराची. पगार दर आठवड्याला जातो, लीगमधली तिकिटांची कमाई मात्र घरच्या सामन्यालाच, म्हणजे साधारण आठवड्याआड येते. अकराही तयार गडी घेतलेला संघ दोन-तीन महिने रुबाबात राहतो. मग खातं उणेत जातं. कर्ज मर्यादेपलीकडे गेलं की क्लब दिवाळखोरीत निघतो. परदेशी खेळाडू घेताना तर दोनदा विचार करा, कारण त्याला त्याच दर्जाच्या देशी खेळाडूपेक्षा 20 टक्के जास्त पगार द्यावा लागतो. भारतीय खेळाडू बाजारात कमी दिसतात, पण शोधायला वेळ घातला तर तो वसूल होतो.

घरची अकादमी

मजा सगळ्यात जास्त इथे आहे आणि कामाला सगळ्यात उशिरा येणारी गोष्टही हीच. स्काउट, म्हणजे पोरं हेरणारा माणूस, दर आठवड्याला पोरगा सुचवतो, तुम्ही हो किंवा नाही म्हणता. कौशल्यं सुरुवातीला झाकलेली असतात, युवा सामने खेळवत खेळवत उघडतात. पोराने अकादमीत 112 दिवस काढल्याशिवाय आणि सतरा पुरी झाल्याशिवाय त्याला मुख्य संघात घेता येत नाही, आणि एकोणिसाव्या वाढदिवसानंतर तो अकादमीत राहत नाही. खर्च मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू. एखादा हिरा निघाला तर पुढच्या विक्रींमध्येही मूळ क्लब म्हणून थोडा वाटा येत राहतो, पण त्या आशेवर पहिला हंगाम काढू नये.

आज घेऊन उद्या विकायचा धंदा काहीजण सुचवतात. एजंटची दलाली खेळाडू जितके कमी दिवस ठेवाल तितकी जास्त कापली जाते, त्यामुळे नवख्याच्या हातात फार काही उरत नाही.

मग घ्यायचं काय?

लातूरला क्लासला आलेल्या, आठवड्यात दोनदाच लॉगिन करू शकणाऱ्या पोराने अकादमीच्या नादी लागू नये. प्लेमेकिंग लावावं, सहा पोरं घ्यावीत आणि सामन्याआधी संघ लावून मोकळं व्हावं. ज्याला रोज संध्याकाळी तासभर मिळतो आणि हरायचा कंटाळा आहे, त्याने पैशाचा मोठा भाग पोरांत घालावा आणि चार-पाच तिशीतले गडी मागे उभे करावेत. मी स्वतः याच बाजूचा. अकादमी दुसऱ्या हंगामात, घरच्या सामन्यांची कमाई स्थिर झाल्यावर काढावी.

बोलीचं तेवढं सांगायचं राहिलं. लिलाव तीन दिवस चालतो, आणि शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली की मुदत तिथून पुन्हा तीन मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे अगदी शेवटच्या सेकंदाला हळूच बोली टाकून पळायची युक्ती इथे चालत नाही. खेळणाऱ्यांत युरोपातली माणसं पुष्कळ, म्हणून आपल्याकडे रात्री दहा-अकराला संपणाऱ्या लिलावांत भाव चढतात. पहाटे साडेपाचला स्वीडनमध्ये हिवाळ्यात रात्रीचा एक आणि उन्हाळ्यात दोन वाजलेले असतात, तेव्हा त्या वेळी मुदत संपणारे खेळाडू शोधा. रब्बीत रात्रीच्या लाइटीवर मोटार लावायला जागणाऱ्यांची इथे आयती सोय होते. बोली लावण्याआधी मात्र वाढदिवस तपासा. पगार वर्षातून एकदा, वाढदिवसालाच नव्याने ठरतो. ‘18 वर्षे 110 दिवस’ असा पोरगा मधल्या काळात भरपूर शिकला असेल तर आज दिसणारा पगार दोनच दिवस टिकेल आणि वाढलेला तुम्हाला भरावा लागेल.