हॅवलॉक की नील?

अंदमानात सेल्युलर जेल पाहून झाल्यावर दोनच रात्री उरतात, सोबत आई-बाबा आहेत, मग मुक्काम कुठे करू, असं वहिनीने विचारलं. 2018 पासून हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप झालं, बोलताना मात्र जुनीच नावं येतात.

समुद्रात उतरायचं असेल तर हॅवलॉक. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी बांधून खोल बुडी) शिकवणाऱ्यांची तिथे रेलचेल, एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून वरवर तरंगत पाण्याखालचं बघणं), आणि राधानगरची लांबरुंद पांढरी वाळू. त्या किनाऱ्याची कीर्ती खोटी नाही. पण ठिकाणं लांब-लांब. एलिफंट बीचला बोटीने जा, नाहीतर जंगलातून चिखल तुडवत. गुडघे दुखणाऱ्यांनी दुसरा पर्याय विसरावा.

नील लहान, सपाट, भाजीचे मळे असलेलं. सायकलवरही फिरून होतं. तिथल्या भरतपूर किनाऱ्याला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतात, पोहता येत नसलं तरी. लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच गाठायचा, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा. वाट खडकाळ आहे, चांगली पकड असलेल्या चपला हव्यात.

खर्चात हॅवलॉक जड, कारण पाण्यातले खेळ महाग. सरकारी बोट दोन्हीकडे जाते आणि खाजगीपेक्षा स्वस्त पडते. अंधार दोन्हीकडे लवकर होतो, हिवाळ्यात साडेपाचच्या आसपास.

तरुण जोडपं, डायव्हिंगची हौस: हॅवलॉक. आई-बाबा, लहान मुलं, निवांतपणा: नील. वहिनी, तुम्ही नीललाच राहा.