पाटी पाच भाषांत, अर्ज एकाच

एका विद्यापीठाने स्थलांतरितांसाठी चालवलेल्या साहाय्य केंद्रात गेल्या वर्षभरात दुभाषी म्हणून मी निरनिराळ्या कुटुंबांबरोबर दहा-बारा वेळा गेलो असेन. तेथील सेवा कशी मिळते, एवढेच येथे नोंदवत आहे.

केंद्रातील सर्वांत मोलाची सोय म्हणजे विधी विभागाचा मोफत सल्ला. अंतिम वर्षाचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली थकलेली मजुरी, भाडेकरार आणि निवास परवाना यांसंबंधीच्या अडचणी घाई न करता ऐकून घेतात. एका बांधकाम मजुराकडे पुरावा म्हणून केवळ एक चुरगळलेली वही होती आणि तिच्यात कामाच्या दिवसांपुढे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. कंत्राटदाराने जी वही हसण्यावारी नेली होती, तिचे एकेक पान समोर ठेवून विद्यार्थिनीने तारीखवार तक्ता तयार केला आणि तो दाव्याच्या अर्जाला जोडला. स्थलांतरितांच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, हे मला त्या टेबलाशी बसून जेवढे कळले तेवढे विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून कळले नव्हते.

प्रवेश विभागाचा अनुभव मात्र उलट आला. मायदेश घाईघाईने सोडावा लागलेल्या एका परिचारिकेला ‘मूळ प्रमाणपत्र आणा’ हे एकच उत्तर चार महिने मिळत राहिले. वास्तविक युरोपातील पदव्यांच्या मान्यतेविषयीच्या १९९७ च्या लिस्बन कराराचे सातवे कलम नेमक्या याच प्रसंगासाठी आहे: निर्वासितांकडे कागदपत्रे नसली तरी त्यांच्या शिक्षणाचे न्याय्य मूल्यमापन व्हावे, अशी त्यात तरतूद आहे. युरोप परिषदेने २०१७ मध्ये निर्वासितांसाठी सुरू केलेल्या अर्हता पारपत्रातही, म्हणजे शैक्षणिक पात्रतेच्या दाखल्यातही, उपलब्ध कागद आणि सविस्तर मुलाखत यांच्या आधारे पात्रता ठरवली जाते. निर्वासित तरुणांपैकी १५ टक्के २०३० पर्यंत उच्च शिक्षणात असावेत, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने ठेवले आहे. खिडकीवरच मूळ प्रत मागितली जाणार असेल, तर ते गाठायचे कसे? अखेर परिचर्या विभागातील एका प्राध्यापिकेने स्वतः पुढाकार घेऊन तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा घेतली, तेव्हा प्रवेशाचे काम मार्गी लागले. नियमाने जे व्हायला हवे होते ते एका व्यक्तीच्या भलेपणावर अवलंबून राहिले.

दारावरची पाटी पाच भाषांत आहे, आतला अर्ज एकाच भाषेत. त्यातील ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी प्रत्येक जण थबकतो. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार, म्हणजे नेमकी रोजंदारीची.

संशोधनाबद्दलची नाराजी येथे नमूद करणे भाग आहे. केंद्रात येणाऱ्यांना निरनिराळे विभाग प्रश्नावल्या देतात. उत्तरांचे पुढे काय झाले हे सांगायला कोणी परत येत नाही. तिसरी प्रश्नावली हाती आल्यावर एका आजींनी आधीच्या दोहोंविषयी विचारले. तो प्रश्न मी भाषांतर करून सांगितला, तेव्हा समोरचा विद्यार्थी ओशाळला. त्याला आधीच्या प्रश्नावल्यांची कल्पनाच नव्हती.

कायदेशीर सल्ल्यासाठी अवश्य जावे आणि सुटे कागद, पावत्या, संदेश जे असेल ते सारे बरोबर न्यावे. पदवीच्या मान्यतेसाठी मात्र खिडकीवर ताटकळत न बसता थेट संबंधित विभागातील प्राध्यापकांना भेटावे.