आमच्या भागातली सरकारी मराठी शाळा : एका आईचं मत

मुलीला इथे पहिलीत घातलं तेव्हा नणंदेने एकच विचारलं, "तिथं कुणाची पोरं येतात गं?" शिक्षक कसे आहेत, हे कुणीच विचारलं नाही.

यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायकांची मुलं येतात. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी. वर्गशिक्षिकेला तेलुगू येतं, त्यामुळे नवी मुलं बावरत नाहीत. त्या प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घेतात, चुकलं की तिथेच थांबवून पुन्हा वाचायला लावतात. माझी मुलगी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली ती त्यामुळेच. पुस्तकं मोफत, दुपारी खिचडी. स्वच्छतागृहाला मात्र पाणी नसतं, आणि मुलींसाठी ही गोष्ट साधी नाही.

आमच्या कॉलनीतून इंग्रजी शाळांच्या व्हॅन भरून जातात. आतल्या मुलांची आडनावं बहुतेक एकाच थरातली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांनी हे थोडं मोडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बरं झालं. गरिबांची मुलं गरिबांच्याच शाळेत, हा कसला न्याय?

प्रवेश घेण्याआधी वर्गात जरा वेळ बसून बघा. बाई बसू देतात.