नरारा: ओहोटीत पायी फिरायचं सागरी राष्ट्रीय उद्यान

नराराला जायचं ठरवलंत तर आधी कालनिर्णय बघा, रेल्वेचं तिकीट नंतर काढा. जामनगरहून द्वारकेच्या रस्त्याला लागून वाडीनारकडे वळलं की साधारण साठ किलोमीटरवर हे ठिकाण आहे. तिथे पोचणं सोपं आहे. पण पोचलात आणि भरती असली, तर समोर फक्त गढूळ पाणी दिसेल. इथलं सगळं पाहण्यासारखं त्या पाण्याखाली असतं आणि ओहोटीला काही तासच उघडं पडतं.

माझं माहेर देवगडचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशेब आजोबांनी मला शाळेत जायच्या आधीच शिकवला होता. आम्ही गेलो ती पौष वद्य तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे भरती सव्वादोनला आणि सव्वासहा तासांनी ओहोटी साडेआठच्या आसपास, असं मी घरूनच काढून ठेवलं होतं. आदल्या दिवशी फोन केला तेव्हा तिथला गाईड म्हणाला, "मासी, आठला गेटवर या, पाणी साडेनऊच्या पुढे सगळ्यात खाली जाईल." कच्छचं आखात आत निमुळतं होत जातं, पाण्याला आत शिरायला वेळ लागतो, त्यामुळे आमच्या कोकणातला हिशेब इथे तासभर मागे पडतो. जाणाऱ्यांनी तिथल्याच माणसाला वेळ विचारावी. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचे तीन-चार दिवस मला सगळ्यात सोयीचे वाटतात. पाणी भरपूर ओसरतं आणि ओहोटी सकाळच्या उजेडात मिळते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, जाऊ नका, पाणी पुरेसं खाली जात नाही.

गेटवर ओळखपत्र दाखवून वनखात्याची पावती घ्यायची, गाईड बरोबर घ्यायचा आणि चालायला लागायचं. आधी तिवरांचा पट्टा आणि चिखल, मग घोट्याएवढं पाणी, मग खडकाळ पठार. खडक म्हणते खरी, पण ते मेलेलं प्रवाळ आहे. त्याची धार कालवांच्या शिंपल्यांसारखीच कापते. मी पट्ट्याच्या चपला घालून गेले होते आणि पहिल्या अर्ध्या तासातच एक पट्टा तुटला. गाईडने स्वतःच्या पिशवीतून सुतळी काढून बांधून दिला. माझी अकरा वर्षांची भाची कॅनव्हासच्या जुन्या बुटांत होती, तिला काही झालं नाही. शाळेचे जुने बूट असतील तर तेच न्या, भिजून खराब झाले तरी चालतील असे.

गाईड हा इथल्या भेटीचा प्राण आहे. आमच्याबरोबरचा मुलगा पंचविशीचा असेल. दर दहा पावलांनी थांबून वाकायचा आणि आम्हालाही वाकवायचा. "पग जोईने मूकजो, मासी," म्हणजे पाऊल बघून टाका, हे त्याने शंभरदा तरी म्हटलं असेल, आणि ते माझ्या पायांपेक्षा पायाखालच्या जिवांसाठी होतं. एका डबक्यात मला वाळूशिवाय काही दिसेना. त्याने बोटाने नुसती दिशा दाखवली. वाळूचा एक तुकडा हलला, तपकिरी झाला, मग ठिपकेदार, आणि दगडाच्या फटीत ओतल्यासारखा शिरला. ऑक्टोपस. भाची माझा दंड धरून उभी राहिली ती पाच मिनिटं हललीच नाही. मी तीस वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं. रंग बदलणाऱ्या प्राण्यांचा धडा किती वेळा घेतला असेल, पण रंग बदलताना बघितला तो त्या सकाळी पहिल्यांदा.

मग एकेक दिसत गेलं. ताटाएवढं पसरलेलं समुद्रफूल, त्याची टोकं पाण्याबरोबर डोलणारी. दगड जरासा कलता केला की खालून वळवळत निघणारा, पाच बारीक लांब हातांचा ठिसूळ तारा. तो हात तोडून पळतो आणि तुटलेला हात पुन्हा उगवतो. काळ्या चामड्याच्या पिशवीसारखी समुद्रकाकडी. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे तर पावलापावलावर. आणि जिवंत प्रवाळ. ते पाहून काही जण निराश होतात, कारण टीव्हीवर दिसतात तसे गुलाबी-निळे फांद्यांचे झुपके इथे नाहीत. इथे मेंदूसारख्या वळ्या पडलेले किंवा मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे गोलसर गड्डे आहेत, हिरवट, तपकिरी. पण जागा कुठली आहे ते लक्षात घ्या. आपल्या देशातलं हे सगळ्यात उत्तरेकडचं प्रवाळ. पाणी गाळाने भरलेलं, खारटपणा जास्त, थंडीत गार आणि उन्हाळ्यात तापलेलं, त्यात भरती-ओहोटीतला फरक आपल्या कोकणापेक्षा पुष्कळ मोठा. इतकं सोसूनही हे जीव इथे टिकले आहेत. गड्ड्याजवळ नाक नेलंत तर एकेका खळग्यात एकेक प्राणी बसलेला दिसतो. मी भिंग नेलं होतं, तुम्हीही न्या.

गाईडने सांगितलेली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. पूर्वी याच आखातातून सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जायची. १९८० साली अभयारण्य झालं, १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, आणि ४२ बेटांचा हा पट्टा वाचला. २००१ सालापासून प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही आठवण म्हणून खिशात घालायचा नाही. भाचीने एक सुंदर पांढरा तुकडा उचलला होता. तिला हे समजावलं, तेव्हा तिने तो जिथून घेतला तिथेच नेऊन ठेवला.

सगळेच असे वागत नव्हते. आमच्या पुढे एक मोठा गट होता. त्यातल्या एका गृहस्थाला केंड फुगलेला हवा होता, फोटोसाठी. तो मासा भीतीने फुगतो, म्हणजे प्रत्येक फोटोसाठी त्याला एकदा घाबरवायचं. आमच्या गाईडला त्यांनी हाक मारून पैसे देऊ केले. त्याने हात जोडून नाही म्हटलं आणि आम्हाला दुसऱ्या बाजूला घेऊन गेला. मला त्या मुलाचा फार अभिमान वाटला. तुम्हाला कोणी असं काही दाखवायला निघालं, तर कृपा करून नको म्हणा.

क्षितिजावर तेलाच्या टाक्या आणि जहाजं दिसत राहतात. ते खुपतं, हे मी लपवणार नाही. एक करडा समुद्री बगळा डबक्याकाठी पंख अर्धे उघडून मासा टिपत होता आणि त्याच्यामागे टँकर उभा होता. इतक्या नाजूक जागेला इतका मोठा शेजार आहे, याची चिंता मनात घेऊनच मी परतले.

गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. माझे यजमान तिवरांपर्यंत आले आणि तिथेच थांबले, तेही पक्षी बघत खूश होते. पठारावर सावली नाही, बसायला जागा नाही, म्हणून टोपी, पाण्याची बाटली आणि हातात एक काठी घ्या. जेवण परत जामनगरलाच. हाताशी आणखी एक दिवस असेल तर खिजडिया पक्षी अभयारण्य सोडू नका. एका बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, आणि दोन्हीकडचे पक्षी वेगळे. मुंबईहून सौराष्ट्र मेल थेट जामनगरला जाते.

साडेदहाला गाईड थांबला आणि म्हणाला, "हवे पाछा," आता परत. मला तर पाणी तसंच दिसत होतं. त्याने एका डबक्याकडे बोट केलं, तिथे वाळूचे कण आता किनाऱ्याच्या दिशेने सरकत होते. आम्ही वळलो. तिवरांशी पोचेपर्यंत समुद्रफुलाची जागा पाण्याखाली गेली होती आणि भाची मागे वळून ती कुठे असेल ते शोधत होती.