फाइलझिला: ‘एफटीपी कनेक्ट होत नाही’ म्हणजे नेमकं काय होत नाही?

गुहागरचा होमस्टे असो की देवगडच्या बागायतदाराची हापूस विकायची साइट, शेअर्ड होस्टिंगवर (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) एफटीपीने, म्हणजे सर्व्हरशी फाइलींची ने-आण करायच्या पद्धतीने, फाइली चढवायला फाइलझिला हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २००१ पासून चालू असलेलं, फुकट आणि ओपन सोर्स. त्यातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे वरची मेसेज लॉगची चौकट, आणि बरेच जण नेमकी तीच बारीक करून ठेवतात. एखादं सेटिंग बदलायच्या आधी लाल अक्षरातली ओळ वाचा.

त्या ओळीत ५३० हा कोड आला तर सर्व्हरपर्यंत पोचलात, फक्त लॉगिन चुकलं. होस्टिंगचं बिल भरायच्या पोर्टलचा पासवर्ड इथे चालत नाही, एफटीपीचा वेगळा असतो. सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) नवीन एफटीपी खातं काढलं असेल तर यूझरनेम अॅटच्या चिन्हासकट डोमेनपर्यंत पूर्ण टाकावं लागतं. व्हॉट्सअॅपवरून पासवर्ड कॉपी करताना शेवटी एक स्पेस चिकटून येते, तीही बघा. पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड मारला की बरेच होस्ट तुमचा आयपीच (नेटवरचा पत्ता) अडवतात. मग ५३० दिसायचा थांबतो आणि नुसता टाइमआउट येतो. अशा वेळी दुसऱ्या नेटवरून बघा. तिथून लागलं तर अडवलेला आयपी मोकळा करायला होस्टला सांगा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लॉगिन झाल्यावर. पासवर्ड मान्य होतो, आणि फोल्डरची यादी येता येता ‘फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग’. एफटीपीला दोन जोडण्या लागतात: पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचा क्रमांक असलेला दरवाजा) आज्ञा, आणि यादी किंवा फाइल आणायला दुसरी वेगळी. अॅक्टिव्ह मोडमध्ये ही दुसरी जोडणी सर्व्हर तुमच्याकडे करतो. वाडीत ब्रॉडबँड नसलं की हॉटस्पॉट लावला जातो, आणि मोबाइल कंपनीच्या सामायिक आयपीमागे असलेल्या लॅपटॉपपर्यंत सर्व्हर पोचूच शकत नाही. म्हणून साइट मॅनेजर उघडा (कंट्रोल आणि एस), ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये पॅसिव्ह निवडा, त्यात दुसरी जोडणीही तुमच्याच बाजूने होते. मग लॉगमध्ये २२७ ची ओळ येते, कंसात सहा आकडे: २०३,०,११३,२५,१९५,१४९. पहिले चार म्हणजे पत्ता. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला की पोर्ट, इथे ५००६९. ही ओळ येऊनही यादी अडली, तर बहुतेक वेळा असे मोठ्या आकड्यांचे पोर्ट कुठल्यातरी फायरवॉलने बंद केलेले असतात. आधी आपला अँटिव्हायरस तपासा, मग होस्टला विचारा.

पहिल्या पायरीलाच टाइमआउट येत असेल आणि साइट क्लाउडफ्लेअरच्या केशरी ढगामागे असेल (म्हणजे साइटची ये-जा सर्व्हरआधी या मधल्या सेवेतून होत असेल), तर होस्टच्या जागी डोमेन टाकून उपयोग नाही, तो ढग एफटीपी पुढे जाऊ देत नाही. तिथे सर्व्हरचा आयपी टाका. एन्क्रिप्शनमध्ये ‘रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस’ ठेवा (टीएलएस म्हणजे जोडणी सांकेतिक करायची पद्धत), साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. एसएफटीपी ही वेगळीच गोष्ट आहे, सहसा पोर्ट २२ वर चालणारी. होस्टने एसएसएच (सर्व्हरवर सुरक्षित लॉगिनची सोय) दिलं नसेल तर ती लागणार नाही.

खोल्यांचे फोटो एकदम चढवताना ४२१ आला की जोडण्या जास्त झाल्या. ट्रान्सफर सेटिंग्जमध्येच मर्यादा घालून १ किंवा २ करा. ५५२ म्हणजे जागा भरली. पावसात लाइट जाऊन फाइल अर्धी राहिली, तर पुन्हा चढवताना येणाऱ्या प्रश्नाला फोटोसाठी ‘रिझ्युम’ आणि पीएचपी फाइलींसाठी ‘ओव्हरराइट’ निवडा.

दोन उणिवा खटकतात. विंडोजसाठी मुख्य डाउनलोड बटणावरच्या इन्स्टॉलरमधून जाहिरातीचं दुसरं सॉफ्टवेअर आत यायची शक्यता असते, म्हणून ‘शो अॅडिशनल डाउनलोड ऑप्शन्स’मधून साधा इन्स्टॉलर घ्या. दुसरं, मास्टर पासवर्ड (जतन केलेल्या सगळ्या पासवर्डांना लागणारं एकच कुलूप) लावला नाही तर जतन केलेले पासवर्ड संगणकावर सहज उलगडता येतील असे पडून राहतात. हॉटेलच्या काउंटरवरच्या संगणकावर चार माणसं बसतात, तिथे तो लावाच.

होस्टच्या सपोर्टला ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. लॉग कॉपी करून पाठवा, पासवर्डच्या जागी फाइलझिला चांदण्याच दाखवतं. सोबत वेळ आणि तुमचा बाहेरचा आयपी द्या, तो नसला तर त्यांना सर्व्हरच्या नोंदीत तुमची ओळ सापडत नाही.