मंडळाच्या दप्तरासाठी कोणते ऑफिस घ्यावे?

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि त्यांना सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबले. त्यामुळे इंदूरमधील ज्या मराठी मंडळांचे, वाचनालयांचे काम अजून त्यांवर चालते, त्यांना वार्षिक वर्गणीचे मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यावे की लिबरऑफिस किंवा ओन्लीऑफिस यांसारख्या मुक्तस्रोत पर्यायाकडे वळावे, हे आता ठरवावेच लागेल.

त्याआधी जुन्या फायली तपासाव्यात. आपल्याकडे नगर निगमाला द्यायचे हिंदी अर्ज आणि मंडळाची मराठी पत्रे वर्षानुवर्षे कृतिदेव या जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) टंकली गेली आहेत. कृतिदेवची अक्षरे संगणकाच्या लेखी रोमन असतात; म्हणून सभासदांची यादी अकारविल्हे लावायला गेलो की क्रम चुकतो आणि युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या समान संकेतपद्धतीत, 'कुलकर्णी' लिहून शोधले तर एकही नाव सापडत नाही. कोणतेही ऑफिस घेतले तरी हा दोष जाणार नाही, तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम निवडीच्याही आधी हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळे झाले आणि डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. त्याची मूळ फाइल ओडीएफ या खुल्या स्वरूपाची असते आणि या स्वरूपाला २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता आहे. इतिवृत्ते पुढच्या पिढीलाही उघडता यावीत, अशी इच्छा असणाऱ्या संस्थेसाठी मला ही बाब सर्वांत मोलाची वाटते. मात्र त्याच्या शैलींमध्ये रोमन आणि देवनागरी टंक वेगवेगळे नोंदवावे लागतात, हे प्रथम सेटिंगमध्ये जाऊन करून घ्यावे. ओपनऑफिस आजही मिळते, पण त्यात वर्डची डॉक्स फाइल उघडता येत असली तरी त्या स्वरूपात जतन करता येत नाही, म्हणून त्याचा विचार करू नये.

ओन्लीऑफिस मुळातच डॉक्स स्वरूपात काम करते आणि त्याची मांडणी वर्डसारखी असल्याने जुन्या कार्यकर्त्यांचा हात लवकर बसतो. ज्यांची कागदपत्रे रोज बाहेर जातात आणि दुरुस्त होऊन परत येतात, त्यांना ते अधिक सोयीचे पडेल. लिबरऑफिसमधील बेससारखा डेटाबेस मात्र त्यात नाही.

आमचा वार्षिक अहवाल एकदा दुसऱ्या संगणकावर उघडला, तेव्हा कोषाध्यक्षांच्या सहीची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेलेली दिसली. त्या संगणकावर मंगल टंक नव्हता. त्याच्या जागी आलेल्या टंकात ओळींची उंची वेगळी होती. सर्व संगणकांवर नोटो सॅन्स देवनागरी हा मोफत टंक बसवून अहवाल त्यातच नव्याने लावला, तेव्हा पाने जुळली.

सनदी लेखापालांकडून येणाऱ्या एक्सेल फायलींत व्हीबीए मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) असतील, तर त्या कामापुरता एक संगणक मायक्रोसॉफ्टवर ठेवावा, कारण लिबरऑफिसमध्ये असे मॅक्रो काही प्रमाणातच चालतात आणि ओन्लीऑफिसचे मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये असतात. बाकी दप्तरासाठी मी लिबरऑफिसच सुचवीन. पण आधी आपल्याच स्मरणिकेची चार पाने त्यात उघडून छापावीत आणि 'दुसऱ्या', 'वाङ्मय', 'तऱ्हा' हे शब्द कागदावर नीट उमटतात का, ते पाहावे.