जनरेटरवर वेल्डिंग: जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन का इन्व्हर्टर?
परभणीकडं आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) पत्र्याचं शेड मारायचं म्हणलं की लाईटचा भरवसा नाही, मग जनरेटर आलाच. आता जुनं ट्रान्सफॉर्मरचं धूड लई दणकट, धूळ खाऊन बी चालतं, पण करंट असा ओढतं की १०० अँपिअरला बी ७-८ केव्हीए (जनरेटरच्या ताकदीचं माप) लागतंय, म्हणजे १० केव्हीएचा जनरेटर पाहिजे आणि तो उचलायला चार माणसं. इन्व्हर्टर मशीन म्हणजे इलेक्ट्रॉनिक, हलकं वेल्डिंग मशीन, खांद्याला अडकवून न्या, ३.१५ मिमी जाडीची वेल्डिंगची काडी चांगल्या ५ केव्हीएवर आरामात जळते. फक्त या मशीनमधलं कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) नाजूक, व्होल्टेज उड्या मारायला लागलं की गेलं, म्हणून एव्हीआरवालाच (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा) जनरेटर घ्या. माझं एक कार्ड असंच उडालंय, जनरेटर बंद करताना मशीनचं बटण चालूच राहिलं होतं! आधी जनरेटर चालू, दोन मिनिटं गरम, मग मशीन. बंद करताना उलटं. मी तर इन्व्हर्टरच म्हणीन. मशीन कोणतंबी असो, जनरेटर शेडच्या बाहेर ठेवा, धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाला कळत नाही, आणि पेट्रोल टाकायचं तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या, ठिणग्यांपासून लांब.